जीटीएक्स १०५० टीआय म्हणून २०१० सालचं ग्राफिक्स कार्ड गळ्यात मारलं: ६,८०० रुपये गेले

धाकट्या भावासाठी गेमिंग पीसी असेंबल करत होतो. बजेट ३५,०००. आय३ १२१००एफ प्रोसेसर ८,३००, एच६१० मदरबोर्ड ६,१००, १६ जीबी रॅम ३,४००, एनव्हीएमई स्टोरेज २,९००, एसएमपीएस (पॉवर सप्लाय) आणि कॅबिनेट मिळून ५,२००. सगळं नवीन, पक्क्या बिलावर. उरले ९,१००. एवढ्यात धड नवीन ग्राफिक्स कार्ड बसत नाही, हे पीसी बांधलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. म्हणून मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात सेकंड हँड कार्ड बघायला गेलो.

वरच्या मजल्यावरचा एक गाळा. एनव्हिडिया कंपनीचं जीटीएक्स १०५० टीआय, ४ जीबी, ६,८०० रुपये, सात दिवसांची टेस्टिंग वॉरंटी. कार्ड माझ्यासमोर लावलं. विंडोजमध्ये नाव बरोबर, मेमरी ४ जीबी. अजून काय तपासायचं असतं माणसाने? पण कार्डाचं बायोस, म्हणजे कार्डातलं मूळ सॉफ्टवेअर, बदलून त्यात खोटं नाव भरलं की विंडोज तेच दाखवतं. जीपीयू-झेड हे कार्ड तपासायचं सॉफ्टवेअर चालवा. बनावट एनव्हिडिया कार्ड ते २०१८ पासून ओळखतं. दुकानात, पैसे देण्याआधी चालवा.

आणि तो व्हीजीए पोर्ट, जुने मॉनिटर जोडायचा! दुकानदाराने आधीच विचारून घेतलं होतं, "दादा, मॉनिटर कोणता आहे?" जुना आहे, व्हीजीएवाला, म्हणालो. लगेच कार्ड उलटं करून दाखवलं, "बघा, व्हीजीए आहे, अडॅप्टरचे चारशे वाचले." मला बरं वाटलं. पण १०५० टीआय ज्यात येतं त्या १० सिरीजच्या कार्डांतून एनव्हिडियाने अॅनालॉग आउटपुट, म्हणजे व्हीजीएला लागणारा सिग्नल, काढूनच टाकलं होतं. १०५० टीआयला व्हीजीए असूच शकत नाही. खोटेपणाचा पुरावा त्याने माझ्या डोळ्यांसमोर धरला आणि सवलत म्हणून विकला. याचा राग अजून जात नाही. ही गोष्ट गिऱ्हाइकाने कुठून जाणायची? जाणून होता तो फक्त विकणारा.

घरी गेमची मेमरी भरली की स्क्रीन काळी. नवा ड्रायव्हर टाकला की क्रॅश. जीपीयू-झेडने नावाआधीच 'फेक' लिहिलं. आत २०१० सालचं जीटीएस ४५०, चिपमध्ये १९२ कोर. खऱ्या १०५० टीआयला ७६८ असतात. मेमरी जेमतेम १ जीबी. तिसऱ्याच दिवशी परत गेलो तर म्हणतो, "हे आमचं कार्डच नाही." बिल कच्चं. त्यावर फक्त 'व्हीजीए कार्ड', म्हणजे कुठलंही ग्राफिक्स कार्ड. सीरियल नंबर नाही, जीएसटी नंबर नाही. बिलावर मॉडेल आणि सीरियल लिहून घेतल्याशिवाय जिना उतरू नका.

पोलिसांत गेलो. म्हणाले, सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, पैसे समोरासमोर दिलेत, हा ऑनलाइन फ्रॉड नाही, ठाण्यातच जा. ठाण्यात पुन्हा गेलो तर, "सहा हजारांसाठी कशाला वेळ घालवता?" फसवणूक भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली गुन्हा आहे. त्यात सहा हजारांना सूट आहे असं कुठे लिहिलंय? दुसऱ्या एका कार्यालयात साहेबांनी बिल उलटंपालटं करून परत दिलं, पक्कं बिल नाही तर केस नाही. अहो, बिल न देणं हीच ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे अनुचित व्यापार प्रथा आहे! ज्याने बिल दिलं नाही तो मोकळा, आणि ज्याला मिळालं नाही त्याला हाकलता? वाचून दाखवलं तर म्हणाले, जेवणाची वेळ झाली.

प्रोसेसरच्या नावात शेवटी एफ, म्हणजे त्यात स्वतःचं ग्राफिक्स नाही, कार्डाशिवाय डिस्प्लेच नाही. २५,९०० रुपयांचं मशीन नुसतं पडून आहे.

यूपीआय केलं होतं हे एक बरं झालं. पैसे दुकानाच्या नव्हे, कुणा व्यक्तीच्या नावावर गेले, पण नोंद तरी आहे. रोख मागतील, देऊ नका. कार्ड लावतानाचा व्हिडिओ काढा, स्टिकर दिसेल असा.

आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. पाच लाखांपर्यंत फी नाही, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते. त्याच गल्लीतून व्हीजीए पोर्टवालं १०५० टीआय कुणी घेतलं असेल, तर कार्ड विकू नका, फेकू नका, तक्रार टाका.