पद्मिनीला फॉग लाइट: जाफर गेटच्या चाचांचं काम

जुन्या गाडीला फॉग लाइट बसवायचे असतील आणि गाडी छत्रपती संभाजीनगरच्या आसपास असेल, तर जाफर गेटजवळच्या गल्लीत ऑटो इलेक्ट्रिकचं काम करणाऱ्या चाचांकडेच न्या. पाटीचा रंग उडालाय, पण गल्लीत कोणालाही ‘फियाटवाले चाचा’ म्हणून विचारा. आमच्या घरची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे लोकांच्या तोंडची फियाट, १९८४ ची. बाबांनी घेतलेली, आता मी चालवते. चाचांनी केलेल्या कामावरून अख्खा पावसाळा आणि थंडी गेली, म्हणून खात्रीनं लिहिते.

मी कन्नडला राहते आणि चाळीसगावला सारखं जाणं असतं, म्हणजे औट्रम घाट चुकत नाही. पावसाळ्यात घाटात ढग उतरले की हेडलाइटचा उजेड धुक्याच्या थेंबांवर आपटून आपल्याच डोळ्यांत परत येतो. अप्पर मारला तर समोर नुसतं पांढरं. फॉग लाइट खाली बसतो, त्याचा झोत आडवा पसरतो आणि वरच्या बाजूनं सरळ रेषेत कापलेला असतो. नजरेच्या उंचीवरचं धुकं उजळतच नाही आणि रस्त्याची कड दिसते. घाटात तेवढी कड दिसली की बास.

पिवळ्या रंगाबद्दलही सांगते, कारण जो तो सांगतो की पिवळा उजेड धुकं फाडतो. धुक्याचा थेंब प्रकाशलहरीच्या मानानं इतका मोठा असतो की सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. पिवळ्यात निळा भाग गाळलेला असतो, त्यामुळे डोळ्याला चमक कमी लागते, एवढाच काय तो फायदा. मला तो पुरेसा वाटला आणि क्रोमच्या बंपरखाली पिवळी काच शोभतेही. गोल, उभ्या रेघांच्या जाड काचेचे हॅलोजन लॅम्प घेतले. त्या रेघा नक्षी म्हणून नसतात, झोत आडवा पसरतो तो त्यांच्यामुळे.

आधी एका दुसऱ्या दुकानात विचारलं होतं. तिथं ग्रिलसमोर एलईडीची लांब पट्टी लावून देतो म्हणाले. तसल्या पट्टीचा उजेड वर-खाली सगळीकडे जातो, समोरून येणारा आंधळा होतो आणि धुक्यात आपणही. शिवाय ग्रिलसमोर काहीही लावणं मला पटत नाही. आपल्याकडे धुकं मोजके दिवस, ऊन मात्र मार्चपासून जूनपर्यंत. बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत पद्मिनीचं पाणी आधीच उकळायला टेकलेलं असतं, तिथं रेडिएटरची हवा कशाला अडवायची?

चाचांनी लॅम्पचं खोकं बाजूला ठेवलं आणि आधी बॉनेट उघडलं. पहिला प्रश्न, “डायनामो है के अल्टरनेटर?” दोन्ही इंजिनावर फिरून वीज तयार करतात, डायनामो त्यातला जुना प्रकार. माझ्या गाडीला डायनामो आहे. मग त्यांनी हिशोब मांडला. एच-थ्री प्रकारचे ५५ वॅटचे दोन बल्ब म्हणजे ११० वॅट, बारा व्होल्टवर नऊ अँपिअरच्या वर. हेडलाइट आणि वायपर वेगळेच. डायनामो आयडलिंगला जवळजवळ काहीच देत नाही, सगळा भार बॅटरीवर येतो. म्हणून फॉग लाइटच्या स्विचला येणारी वायर त्यांनी पार्किंग लाइटच्या लाइनवरून घेतली. दाट धुक्यात हेडलाइट बंद ठेवून पार्किंग आणि फॉग एवढ्यावर हळू चालता येतं आणि पार्किंग बंद केलं की फॉगही विझतात, चुकून चालू राहून बॅटरी बसत नाही.

रिलेशिवाय, म्हणजे छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या डबीशिवाय, थेट स्विचवरून जोडलं तर स्वस्तात होईल का, असं मी विचारलं. “रिले नई तो मेरेकू ये काम नको, बेटा,” एवढंच म्हणाले. मग जुन्या स्विचची एक पाठ उघडून दाखवली, आतली पितळी पट्टी काळी पडून वाकलेली. नऊ अँपिअर त्या पट्टीतून गेले की ती तापते, बारीक वायरीही तापतात आणि बल्बला व्होल्टेज कमी मिळतं. हॅलोजनचं व्होल्टेज दहा टक्के घटलं तर उजेड जवळजवळ तीस टक्के घटतो. रिलेत स्विचमधून नुसता इशारा जातो, खरा करंट बॅटरीतून फ्यूजमार्गे ३० नंबरच्या पिनला येऊन ८७ वरून लॅम्पला जातो. वायर जाड, अडीच स्क्वेअर मिलिमीटरची. पंधरा अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या अगदी लगत, म्हणजे पुढे वायर कुठंही घासून बॉडीला लागली तरी आग लागायच्या आत फ्यूज उडेल. अर्थिंगसाठी चासीवरचा रंग पत्रा चमकेपर्यंत खरवडला, बोल्ट कसल्यावर वर ग्रीस लावलं. शेवटी इंजिन रेसवर ठेवून मीटरनं बॅटरीवरचं आणि लॅम्पवरचं व्होल्टेज मोजून मला दाखवलं. फरक पाव व्होल्टसुद्धा नव्हता. मीटरवर दाखवून काम ताब्यात देणारे मिस्त्री मी फार पाहिलेले नाहीत.

बंपरला भोक पाडायला त्यांनी साफ नकार दिला. क्रोमला भोक पाडलं की तिथून गंज आत शिरतो आणि तसा बंपर परत मिळत नाही. बंपर ज्या बोल्टांवर बसतो त्याच बोल्टांवर लोखंडी पट्टी वाकवून घेतली, लॅम्प तिच्यावर, बंपरखाली. उद्या काढायचे म्हटले तर गाडी होती तशी होईल.

झोत बसवायला अंधार पडेपर्यंत थांबवलं. गाडी भिंतीपासून पंचवीस फुटांवर उभी केली, लॅम्पच्या मध्याची उंची खडूनं भिंतीवर मांडली आणि झोताची वरची कड त्या रेघेच्या चार इंच खाली आणली. हे न करता लॅम्प घेऊन निघू नका.

उणं सांगायचं तर वेळ. सकाळी दिलेली गाडी रात्रीच मिळाली, मधे दोन रिक्षावाल्यांची कामं घुसली. सगळीकडे एकाच लाल रंगाची वायर वापरली, ते मला आवडलं नाही. सांगितल्यावर टोकांना चिकटपट्टीच्या खुणा करून दिल्या. स्विच निळ्या दिव्याचा प्लास्टिकचा देत होते, मी धातूचा आणून दिला. पक्कं बिल मिळत नाही. लॅम्पसकट साडेचार हजारांच्या आत झालं, त्यात मजुरी बाराशे.

लॅम्प स्वतः घेऊन जा, ते ठेवत नाहीत. हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावू नका, हाताच्या तेलानं तो लवकर जातो. शुक्रवारी दुपारी दुकान बंद असतं, आणि रविवारी जाफर गेटला आठवडी बाजार भरतो, त्या दिवशी गाडी गल्लीत शिरतच नाही.