जिप्सीत एस्टीमचे इंजिन : नळ्यांच्या जोडणीसाठी भोसरीतील एका गॅरेजचे परीक्षण

इंजिन बदलून देणारी गॅरेजे पुणे-पिंपरी पट्ट्यात कमी नाहीत, पण बदललेल्या इंजिनाच्या व्हॅक्यूमच्या (हवेच्या ओढीच्या) आणि कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) नळ्या विचारपूर्वक जोडून देणारी फार थोडी आहेत. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीलगतचे, एक मिस्त्री आणि दोन मदतनीस एवढ्यावर चालणारे एक छोटे गॅरेज त्या थोड्यांपैकी आहे. त्याचे नाव मालकांच्या विनंतीवरून येथे देत नाही. मोटारस्पोर्टच्या वर्तुळातील मंडळींना ते ठाऊक आहे.

गाडी कार्ब्युरेटरवाली जिप्सी किंग. तिच्यात एस्टीमचे १६ व्हॉल्व्हचे जी१३बीबी इंजिन दुसरीकडे बसवून घेतले होते आणि त्या इंजिनाची नोंद आरटीओच्या परवानगीने आरसीवर झाली होती. जुने आणि नवे, दोन्ही इंजिने १२९८ सीसीची आणि एकाच घराण्यातली असल्यामुळे हे काम सोपे आहे, असा समज असतो. माउंटिंग आणि गिअरबॉक्सपुरता तो बराचसा खराही आहे. परंतु एस्टीममध्ये इंजिन आडवे बसते आणि जिप्सीत उभे, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने, शिवाय जुन्या इंजिनावर कार्ब्युरेटर होता आणि नव्यावर इंजेक्शन आहे. त्यामुळे प्रत्येक नळीची लांबी, वळण आणि कधी कधी तिचे प्रयोजनच बदलते. गाडी या गॅरेजमध्ये नेली तेव्हा आयडलिंग (गाडी उभी असतानाची इंजिनाची गती) चढलेले राहत होते आणि घाटात तापमानाचा काटा वरखाली होत होता.

मिस्त्रींनी पाना हातात घेण्याआधी सर्व नळ्यांना क्रमांकाच्या चिकटपट्ट्या लावल्या आणि कोणती नळी कोठून कोठे जाते याचा कागदावर नकाशा काढला. कार्ब्युरेटरच्या काळात डिस्ट्रिब्युटरच्या ॲडव्हान्सला (ठिणगीची वेळ पुढे सरकवणाऱ्या भागाला) जाणारी नळी थ्रॉटलच्या पाकळीच्या किंचित वरून निघत असे, म्हणजे आयडलवर तिला व्हॅक्यूम जवळपास मिळतच नसे. इंजेक्शनच्या इंजिनात इग्निशनचे टायमिंग ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठरवतो, त्यामुळे त्या नळीला कामच उरत नाही. आधीच्या गॅरेजने ती तरीही मॅनिफोल्डला (इंजिनात हवा नेणाऱ्या भागाला) जोडून दुसऱ्या टोकाला रबरी टोपी घातली होती आणि उष्णतेने त्या टोपीला चीर गेली होती.

हे इंजिन आत येणारी हवा थेट मोजत नाही. मॅनिफोल्डमधला दाब मॅप सेन्सरने वाचून ईसीयू हवेचा हिशेब करतो. त्यामुळे चिरेतून शिरणारी हवाही हिशेबात धरली जाते, तिच्या जोडीला पेट्रोलही सोडले जाते, आणि गाडी मिसिंग करण्याऐवजी नुसती चढ्या आयडलवर राहते. हवा मोजणारा सेन्सर असलेल्या इंजिनात हीच गळती मिश्रण पातळ करून, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पाडून, गाडीला धक्के देते. हा फरक ग्राहकाला समजेल अशा भाषेत सांगणारे मिस्त्री मला तरी क्वचित भेटले आहेत. बहुतेक ठिकाणी आयडलचा स्क्रू फिरवून वेळ मारून नेली जाते.

मॅप सेन्सरची नळी त्यांनी स्वतंत्र ठेवली, तिला टी (तीन तोंडांची जोडणी) लावून दुसरे काही जोडले नाही आणि सेन्सर मॅनिफोल्डच्या तोंडापेक्षा उंच बसवला, म्हणजे पेट्रोलची वाफ थंड होऊन सेन्सरमध्ये साचत नाही. पेडलचा जोर वाढवणाऱ्या ब्रेक बूस्टरसाठी व्हॅक्यूमने न पिचकणारी जाड भिंतीची नळीच वापरली. तिच्यातील एकमार्गी व्हॉल्व्ह उलटा बसलेला नाही, हे माझ्यासमोर तपासले: इंजिन बंद ठेवून पेडल कडक होईपर्यंत दाबायचे, मग त्यावर पाय ठेवून इंजिन सुरू करायचे आणि पेडल थोडे खाली जाते की नाही ते पाहायचे. शेवटी व्हॅक्यूम गेज लावला. समुद्रसपाटीला निरोगी इंजिन आयडलवर साधारण १८ ते २१ इंच पारा दाखवते. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने येथे दोनेक इंच कमी धरावे लागतात, आणि मुंबईच्या आकड्याशी तुलना करून कोणी इंजिन उघडायला सांगितले, तर त्याला नम्रपणे नकार द्यावा. गळती शोधण्यासाठी त्यांनी इनटेकमध्ये धूर सोडला. चालू इंजिनावर क्लीनर फवारून गळती शोधण्याची सर्रास दिसणारी पद्धत तापलेल्या एक्झॉस्टजवळ आगीला आमंत्रण देणारी आहे, म्हणून या गोष्टीचे मला विशेष मोल वाटले.

कूलंटच्या बाजूचे काम त्याहूनही नेटके झाले. रेडिएटरच्या खालच्या नळीतून वॉटर पंप पाणी ओढतो, त्यामुळे जास्त आरपीएमवर मऊ नळी आत दबते आणि प्रवाह घटतो. येथे आत स्प्रिंग असलेली साच्यातली नळी निवडली होती. वरच्या नळीला जोडणारा पाइप आधीच्या गॅरेजने कापून आखूड केला होता आणि त्या कापण्यात तोंडाची फुगीर कडच गेली होती. अशा गुळगुळीत पाइपवर क्लिप कितीही आवळली, तरी दाब आल्यावर नळी सरकते. मिस्त्रींनी पाइपला नवी कड काढून घेतली आणि क्लिप कडेच्या मागे बसवली. थ्रॉटल बॉडीकडे जाणाऱ्या दोन बारीक नळ्या अनेक जण एकमेकींना जोडून विषय संपवतात. पण तेथे थंड इंजिनाचे आयडल सांभाळणारा व्हॉल्व्ह कूलंटच्या उष्णतेवर चालतो, आणि उष्णता पोहोचली नाही तर आयडल उतरतच नाही. आयडल चढे राहण्याचे दुसरे कारण हेच निघाले.

भरण्यासाठी इथिलीन ग्लायकॉल आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे वापरले. बोअरचे पाणी या गॅरेजात रेडिएटरजवळही फिरकत नाही. गाडीचे नाक रॅम्पवर चढवून, हीटरची खुंटी पूर्ण उघडून, सावकाश कूलंट भरत सिस्टिममधली हवा काढली. हवेचा फुगा सेन्सरभोवती अडकला की काटा खोटे बोलतो, आणि घाटातल्या वरखाली होण्याचे मूळ बहुधा तेथेच होते. त्यानंतर हातपंपाने दाब देऊन तो टिकतो की नाही हे पाहिले.

तक्रारी आहेत, आणि त्या किरकोळ नाहीत. हीटरची एक नळी एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या फार जवळून नेली होती. उष्णतारोधक आवरण मी सांगितल्यावरच चढवले गेले. शोभेसाठी निळ्या सिलिकॉनच्या नळ्या सुचवल्या गेल्या. कूलंटसाठी त्या उत्तम असतात, पण पीसीव्हीच्या (इंजिनातली वाफ परत इनटेकमध्ये नेणाऱ्या) मार्गावर तेलाच्या वाफेने सिलिकॉन खराब होते, तेथे नायट्राइल रबरच हवे. हे सांगितल्यावर वाद न घालता त्यांनी नळी बदलली, पण ते ग्राहकाने सांगावे लागू नये. साध्या स्क्रूच्या क्लिपा काही ठिकाणी तशाच राहिल्या आहेत. रबर थंडीत आकसल्यावर ताण धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगच्या क्लिपा मला अधिक पटतात.

बिलात ‘होस व किरकोळ’ असा एकच आकडा असल्याने कोणत्या नळीला किती पडले हे वाचकांना सांगता येत नाही. त्याहून गैरसोयीची गोष्ट म्हणजे साच्यातल्या नळ्या कोणत्या मॉडेलच्या आहेत याची नोंद दिली जात नाही. मूळ गाडीच्या यादीतला भाग क्रमांक अशा गाडीला लागू पडत नसल्याने, महाबळेश्वरच्या वाटेवर नळी फुटली तर दुकानदाराला काय मागावे, हा प्रश्न उरतो. मी आग्रह धरल्यावर मिस्त्रींनी नकाशाच्याच कागदावर प्रत्येक नळीचा आतील व्यास आणि ती मुळात कोणत्या गाडीची आहे हे लिहून दिले.

गाडी कबूल केलेल्या दिवशी मिळेल, ही अपेक्षा ठेवू नये. फोन उचलला जातो, पण उत्तर मोघम असते. काम झाल्यानंतर काही दिवसांनी क्लिपा पुन्हा तपासण्यासाठी ते स्वतःहून बोलावतात आणि त्याचे पैसे घेत नाहीत. डिझेल इंजिने ते घेत नाहीत. पेट्रोल जिप्सी, एस्टीम किंवा जुनी झेन असेल आणि इंजिन आधीच बसलेले असेल, तर गाडी येथे द्यावी. मात्र नळ्यांची लेखी यादी आगाऊ रक्कम देतानाच ठरवून घ्यावी.