विमान रद्द झाल्यावर भरपाई मागितली आणि मिळाली : एअरसेवाचा अनुभव

सुरुवातीलाच सांगतो, विमान कंपनीविरुद्धच्या तक्रारीसाठी एअरसेवा हे सरकारी पोर्टल वापरण्यासारखं आहे. मात्र नियम माहीत असेल तरच त्याचा उपयोग. नुसतं ‘खूप मनस्ताप झाला’ एवढंच लिहिलं तर समोरून दिलगिरी येते, पैसे येत नाहीत.

मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत क्वालिटी बघतो. सॅम्पल कास्टिंग घेऊन फरिदाबादच्या कस्टमरकडं जायचं होतं. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून वेळ जुळेना, म्हणून पुण्याहून दिल्लीचं पहाटेचं स्वस्तातलं विमान धरलं. गाडी कराड ओलांडून पुढं गेली आणि रात्री १०.५२ ला मेसेज आला : विमान रद्द, कारण ‘ऑपरेशनल’. पर्याय दिला तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळचा. कस्टमरची वेळ सकाळची. मी तो नाकारला, रिफंड मागितला आणि दुसऱ्या कंपनीचं महागडं तिकीट काढून गेलो.

नाकारलं ते बरं झालं, कारण नियमातली खरी मेख तिथंच आहे. डीजीसीएच्या (विमान वाहतुकीवर देखरेख करणारी सरकारी यंत्रणा) नियमाप्रमाणं रद्द झाल्याचं किमान २४ तास आधी कळवलं नसेल, तर कंपनीनं एकतर तुम्हाला चालेल असं दुसरं विमान द्यायचं, नाहीतर पूर्ण रिफंड आणि वर भरपाई. दुसरं विमान घेतलं की भरपाईचा मुद्दा संपला. काउंटरवर घाईघाईत ‘हो’ म्हणण्याआधी हे लक्षात ठेवा.

भरपाई किती? प्रवास १ तासापर्यंतचा असेल तर ५,००० रुपये, २ तासांपर्यंत ७,५००, त्याहून जास्त असेल तर १०,०००; पण प्रत्येक वेळी हा आकडा किंवा एकेरी मूळ भाडं अधिक इंधन आकार, यातलं जे कमी असेल ते. पुणे-दिल्ली २ तासांच्या वर जातं, पण म्हणून १०,००० मिळत नाहीत. माझं तिकीट ६,१८० चं. त्यातले कर आणि विमानतळाचं शुल्क वजा केलं की मूळ भाडं आणि इंधन आकार मिळून ४,९५०. भरपाई तेवढीच. हा हिशेब बिलावर वेगवेगळा छापलेला असतो, तो आधी बघा आणि नेमका आकडा लिहूनच मागा.

कंपनीच्या कस्टमर केअरनं आधी व्हाउचर पुढं केलं. ते मी घेतलं नाही. रिफंड कंपनीकडं जमा ठेवायचा की खात्यात घ्यायचा, हे प्रवाशानं ठरवायचं असतं, कंपनीनं नव्हे. मग त्यांच्या नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेल्या माणसाला, मेल केला. उत्तर आलं, पण भरपाईबद्दल त्यात चकार शब्द नव्हता. त्यानंतर एअरसेवावर गेलो.

एअरसेवा म्हणजे नागरी विमान वाहतूक मंत्रालयाचं पोर्टल, अ‍ॅपही आहे. पीएनआर टाकला, वेळ दिसेल असा मेसेजचा स्क्रीनशॉट, बिल आणि कंपनीचा मेल जोडला. तक्रार क्रमांक मिळाला. हे कोर्ट नव्हे, तक्रार संबंधित कंपनीकडंच जाते. पण सरकारी नोंद झाल्यावर कंपनीची भाषा बदलली. मी एकच प्रश्न लावून धरला : ‘ऑपरेशनल’ म्हणजे नेमकं काय, ते लेखी द्या. खराब हवामान, एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रण), संप, सुरक्षेचा धोका अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांना भरपाई लागू नाही. त्यांना तसं काहीच दाखवता आलं नाही. रिफंड आला, पाठोपाठ ४,९५० सुद्धा खात्यात जमा झाले.

आपल्याकडं बरेच जण एजंटकडून तिकीट काढतात, त्यांच्यासाठी एक कळकळीची सूचना. बुकिंगमध्ये मोबाइल नंबर तुमचाच आहे ना, हे तिकीट हातात पडताच तपासा. संपर्काची पुरेशी माहिती दिलेली नसेल तर कंपनी भरपाई द्यायला बांधील नाही.

नुसता उशीर झाला तर आपल्याकडं रोख भरपाई नाही. युरोपात २५० ते ६०० युरो मिळतात, ते वाचून इथं मागू नका. अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाला २ तास उशीर झाला तर खाणंपिणं द्यायला हवं, ते मात्र हक्कानं मागा. ६ तासांच्या वर गेला तर दुसरं विमान किंवा पूर्ण रिफंड. रात्री ८ ते पहाटे ३ मधलं विमान ६ तासांहून जास्त लांबलं तर हॉटेलसुद्धा.

एअरसेवाला माझ्याकडून पाचपैकी चार. नव्या तिकिटासाठी पदरचे जे जास्तीचे गेले, ते या नियमात बसत नाहीत. त्यासाठी ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे कंपनी कुठलीही असो, मला कोल्हापुरातच दाद मागता येईल. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. कागद जुळवून झालेत, अर्ज या आठवड्यात दाखल करतोय.