लाल गुलाब की पिवळा?

फेब्रुवारी उजाडला की म्हापशाच्या बाजारात अबोलीच्या फातींशेजारी, म्हणजे गजऱ्यांशेजारी, गुलाबांच्या बादल्या दिसू लागतात. लाल आधी संपतो, पिवळा संध्याकाळपर्यंत उरतो. मला ते नेहमीच खटकतं.

लाल गुलाबाचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. ग्रीक कथांमध्ये तो प्रेमदेवता अ‍ॅफ्रोडाइटीशी जोडलेला, आणि आजही प्रेमाचा कबुलीजबाब. म्हणूनच तो जपून द्यावा. ऑफिसातल्या सहकाऱ्याच्या वाढदिवसाला लाल गुलाब दिलात, तर समोरचा माणूस उगाच अवघडतो.

पिवळ्याची गोष्ट जास्त रंजक आहे. 19व्या शतकातल्या इंग्लंडमध्ये फुलांची सांकेतिक भाषा रूढ होती. तिच्यात पिवळा गुलाब म्हणजे मत्सर किंवा ओसरलेलं प्रेम. पुढे तो अर्थ मागे पडला आणि पिवळा मैत्रीचा झाला. बागेतल्या गडद पिवळ्या गुलाबांची वाट खुली झाली ती 1900 साली फ्रान्समध्ये आलेल्या ‘सोलेय द’ऑर’ या जातीमुळे. आपल्याकडे तर हळदीचा, झेंडूचा पिवळा शुभच. त्यात मत्सर कुठून येणार?

आमच्या बाई निवृत्त झाल्या तेव्हा मी पिवळेच नेले. दमट हवेने बाहेरच्या पाकळ्या कडेला तपकिरी झाल्या होत्या. त्या अलगद खुडल्या, देठ तिरके कापले. बाईंनी एक फूल लगेच केसांत माळलं.

नवरा-बायकोत लालच द्या. बाकी मैत्रीण, बहीण, शिक्षक, आजारातून उठलेली मावशी, या सगळ्यांसाठी माझं मत पिवळ्यालाच.