फोर्ट कोचीत ‘आज बंद है’ म्हणणाऱ्या रिक्षापासून सावध राहा

आई-बाबांना घेऊन कोचीला जाणार असाल तर हे वाचूनच निघा. आमच्यासोबत जे झालं ते तिथे रोज कुणाच्या तरी वाट्याला येत असणार.

फोर्ट कोचीत मासेमारीच्या चिनी जाळ्यांपाशी एका रिक्षावाल्याने आम्हाला गाठलं. “पचास रुपये में पूरा घुमाऊंगा, अम्मा.” बाबांचे गुडघे दुखत होते, म्हणून बसलो. सेंट फ्रान्सिस चर्च त्याने नीट दाखवलं. वास्को द गामा 1524 मध्ये कोचीतच वारला आणि त्याला आधी इथेच पुरलं होतं. ती जागा बघून बाबा हरखले. त्यांना आता मट्टनचेरीच्या डच पॅलेसमधली रामायणाची भित्तिचित्रं बघायची होती. कोचीला यायचं कारणच ते होतं.

“पॅलेस आज बंद है साहब, सिनेगॉग भी. तीन बजे खुलेगा.”

वार मंगळवार! ही थाप पचते, कारण ती अर्धी खरी असते. पॅलेसला शुक्रवारी सुट्टी असते, 1568 सालच्या ‘परदेशी सिनेगॉग’ या ज्यूंच्या प्रार्थनास्थळाला शनिवारी. परगावच्या माणसाला हे वार कुठून पाठ असणार?

मग ‘सरकारी’ मसाला केंद्र. सरकारी असल्याची एकही खूण तिथे नव्हती. आईच्या गळ्यात वेलची आणि “आमच्या डोंगरातलं” म्हणून केशर मारलं. आपल्याकडचं केशर येतं काश्मीरहून! घरी येऊन चिमूटभर कोमट पाण्यात टाकलं, तर क्षणात लालभडक रंग सुटला आणि काड्या पांढऱ्या पडल्या. खऱ्या केशराचा रंग सावकाश, पिवळा उतरतो आणि काडी लालच राहते. वेलचीही सोलून बघा. आत दाणे काळे, चिकट आणि वासाचे हवेत. आमच्या वेलचीला वासच नव्हता.

त्यानंतर गालिच्यांचं दुकान, मग दागिन्यांचं. “खरीदना नहीं, सिर्फ देखना.” गिऱ्हाईक आत नुसतं थांबलं तरी दुकानदार रिक्षावाल्याला पैसे किंवा कूपन देतो. पन्नास रुपयांत फिरवणं परवडतं ते असं. एवढं करून शेवटी ‘वेटिंग’चे सातशे मागितले. बाबांना चढ्या आवाजात बोलल्यावर आईने पैसे काढून दिले.

समोरच्या चहावाल्याने सांगितलं, पॅलेस सकाळपासून उघडाच होता. तोवर तिथलं दार लागायची वेळ झाली होती आणि रात्री आमची परतीची गाडी होती. केशराचे पैसे गेले ते गेले, पण बाबांची भित्तिचित्रं राहिली, याचा राग अजून जात नाही.

तुम्ही एर्नाकुलमच्या हायकोर्ट जेट्टीवरून वॉटर मेट्रोच्या बोटीने फोर्ट कोचीला या. रिक्षावाल्याला फक्त ‘मट्टनचेरी पॅलेस’ एवढंच सांगा, भाडं बसण्याआधी ठरवा आणि वाटेत कुठेही उतरू नका. बंद आहे म्हणाला तरी दारापर्यंत न्यायला लावा. सिनेगॉग तिथून चालत पाच मिनिटांवर आहे, त्यासाठी रिक्षा थांबवून ठेवायची गरज नाही.