जर्मनीचं ब्लॉक खातं: सेवा ठीक, पैसे गळतात ते वाटेत

जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी ब्लॉक खात्यात वर्षाचा राहण्याखाण्याचा खर्च आगाऊ भरून दाखवावा लागतो. १ सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे. तिथं पोचल्यावर त्यातले महिन्याला ९९२ सुटतात. सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी फी नसल्यामुळे (बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये मात्र युरोपबाहेरच्यांना सत्राला १,५०० युरो) बेताच्या घराला सगळ्यात मोठा एकरकमी खर्च हाच.

खातं उघडणं सोपं आहे. पासपोर्ट, ऑनलाइन अर्ज, थोडी फी, की खाते क्रमांक हातात. इथवर तक्रारीला जागा नाही. खरी परीक्षा सांगलीच्या शाखेतून पैसे पाठवताना होते.

पहिली गळती दराची. हळदीच्या सौद्यात क्विंटलमागे दहा रुपयांसाठी अडून बसणारा माणूस बँकेत युरोचा दर विचारतसुद्धा नाही. शाखा सांगते तो ‘कार्ड रेट’, आणि त्यात बँकेचा नफा धरलेला असतो. दर दीड रुपयाने महाग पडला तर ११,९०४ युरोवर १७,८५६ रुपये जातात. लोक मात्र हजार-बाराशेच्या स्विफ्ट चार्जवरून, म्हणजे परदेशी पैसे पाठवण्याच्या फीवरून, वाद घालत बसतात. रक्कम मोठी आहे, त्यामुळे ‘डील रेट’, म्हणजे घासाघीस करून ठरवलेला दर, मागा आणि त्याच दिवशी, त्याच तासाला दुसऱ्या बँकेचा दर घेऊन ताडून बघा. तासगाव, इस्लामपूरकडच्या छोट्या शाखांत परकीय चलनाचं टेबल बहुधा नसतं. कागद मोठ्या शाखेकडे जातात आणि दर लागतो तो कागद तिथं पोचतील त्या दिवसाचा, हे आधीच विचारून घ्या.

जीएसटीची भीती उगाच. युरो १०० रुपये धरला तर ११,९०,४०० रुपयांच्या व्यवहारावर तो साधारण १,०२४ रुपये होतो.

टीसीएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक आगाऊ वसूल करते तो कर, मात्र चावतो. एप्रिल २०२५ पासून एका पॅनवर आर्थिक वर्षात १० लाखांपर्यंत तो लागत नाही. २०२५-२६ च्या दराने वरच्या १,९०,४०० वर ५ टक्के, म्हणजे ९,५२० रुपये. विवरणपत्र भरल्यावर ते वळते होतात किंवा परत मिळतात, पण उसाच्या बिलावर घर चालवणारे वडील विवरणपत्र भरतच नसतील तर ते सरकारकडे पडून राहतात. त्यापेक्षा काही रक्कम वडिलांच्या आणि काही आईच्या खात्यातून पाठवावी, दोघांचीही १० लाखांच्या आत. दोन जणांकडून पैसे चालतात का, हे खातं देणाऱ्या कंपनीला आधी लेखी विचारा. मान्यताप्राप्त बँकेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या पैशांवर टीसीएस नाहीच.

आता फॉर्म. परदेशी पैसे पाठवण्याच्या ए-२ फॉर्मवर शिक्षणासाठीचा पर्पज कोड (कारणाचा क्रमांक), एस ०३०५, लिहिलाय ना ते बघा. चार्जेसच्या रकान्यात ‘अवर’, म्हणजे सगळी फी आपण भरणार, हे निवडा. ‘शेअर’ राहिलं तर मधली बँक आपले पंधरा-वीस युरो कापून घेते, खात्यात ११,८८५ पोचतात आणि व्हिसासाठी लागणारा पूर्ण रकमेचा दाखला अडकतो. मग त्या वीस युरोसाठी पुन्हा सगळी कागदपत्रं. म्हणून ५०-१०० युरो जादाच पाठवावेत. कंपनीने दिलेला संदर्भ क्रमांक तपशिलाच्या रकान्यात जसाच्या तसा हवा. तो चुकला तर पैसे कुणाचे हेच तिकडे कळत नाही. काउंटर सोडण्याआधी स्विफ्टची, म्हणजे बँकेने पैसे पाठवल्याच्या संदेशाची, प्रत मागा. नुसती पावती पैशांचा माग काढायला उपयोगी पडत नाही.

कर्जातून हे खातं भरायचं असेल तर दोन अडचणी. सरकारी बँकांच्या नेहमीच्या योजनेत साडेसात लाखांपर्यंतच विनातारण मिळतं, आणि तारण म्हणून सातबाऱ्यावरची शेतजमीन सहसा चालत नाही. बिगरशेती प्लॉट किंवा मालमत्ता पत्रकावरचं घर लागतं, आणि ते सामाईक असेल तर आत्यांच्या सह्यांसकट. यात महिने जातात, व्हिसाची तारीख थांबत नाही. दुसरं असं, की पूर्ण रक्कम उचलल्या दिवसापासून व्याज चढतं: १० टक्क्यांनी महिन्याला सुमारे ९,९०० रुपये, आणि पैसा तिकडे बहुतेक वेळा बिनव्याजी पडून.

जर्मनीत कमावता नातेवाईक असेल तर त्याने तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात हमीपत्र दिलं की ब्लॉक खातंच टळतं. हे एजंट सहसा सांगत नाहीत.

व्हिसा नाकारला तर नकारपत्र दाखवून पैसे परत मिळतात, पण घेताना विक्री दर आणि परत येताना खरेदी दर, त्यामुळे घाट्यासकट.

पोचल्यावर पहिला हप्ता तिथलं बँक खातं उघडेपर्यंत हातात येत नाही. घरमालक मात्र कायद्याने तीन महिन्यांच्या मूळ भाड्याएवढी अनामत मागू शकतो. ती ९९२ मध्ये बसत नाही. दीड-दोन महिन्यांच्या खर्चाएवढे युरो फॉरेक्स कार्डावर वेगळे ठेवा.