सीनियरची मदत की अभ्यास-कोच?

पहिल्या वर्षाला असलेल्या भाचीने विचारलं, "मावशी, अभ्यासात अडलं तर सीनियरकडे जाऊ, की अभ्यासाचं नियोजन शिकवणाऱ्या कोचकडे?"

विषय समजण्याबाबत सीनियर सरस. तोच पेपर त्याने दिलेला असतो. वहीतल्या तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून सांगतो, "इथे चिन्ह चुकलं." मिसूरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी शाखेत १९७३ मध्ये सुरू झालेली 'सप्लिमेंटल इन्स्ट्रक्शन' पद्धत (तो विषय आधी शिकलेला विद्यार्थी इतरांचा सराव घेतो) याच बळावर चालते. शिवाय त्याच्यापुढे "मला येत नाही" म्हणायला जीभ अडखळत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

वेळ? परीक्षा त्यालाही असते. कोच ठरल्या वेळी भेटतो, पण गणित सोडवून देत नाही. आठवडा कागदावर मांडायला लावतो.

एखादाच विषय अडला, एकटं वाटतंय, तर सीनियर. सगळेच विषय मागे पडत असतील तर कोच.